ओकापीवाले हाप्पा-सान

ते कुठल्याही कोपऱ्यावर वळण्याआधी गुणगुणायचे. गाणं वगैरे नव्हे. सूर नाही, शब्द नाहीत, नाकातल्या नाकात नुसतं 'म्म्म्म'. लिफ्टचं दार उघडण्याआधी, जिन्याच्या वळणावर, सायकलींच्या शेडमागून येताना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, खालच्या कुणाचा तरी फ्रीज बिघडलाय. मग त्या आवाजामागून निळ्या कामाच्या कपड्यांतला एक बुटका म्हातारा आला, खांद्यावर झाडाच्या फांद्या. मला बघून त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि सगळ्या फांद्या माझ्या अंगावर आल्या.

"माफ करा," ते म्हणाले. "गुणगुणायची सवय झालीय. माणूस अचानक समोर आलं की त्या दचकतात."

'त्या' म्हणजे त्यांची बायको, असं मी पुढे महिनाभर धरून चालले होते. जपानीत त्यांनी वापरलेला शब्द तेवढ्याच अदबीचा होता. त्या आज नीट जेवल्या नाहीत. त्यांना उन्हाळा सोसत नाही. त्यांना कालची पानं आवडली, पण देठ ठेवले. देठ ठेवले हे ऐकून मला जरा शंका आली, पण म्हटलं, असतील बाई पथ्यावर. परदेशात राहून मी एक शिकले होते, दुसऱ्याच्या घरच्या जेवणाबद्दल फार चौकशी करू नये. मग तेही आपल्या फोडणीच्या वासाबद्दल विचारत नाहीत.

त्या म्हणजे ओकापी होत्या.

ओकापी हे काँगोच्या पावसाळी जंगलात राहणारं जनावर. कूळ जिराफाचं, पण मान बेताची. अंग चॉकलेटी आणि मखमली, कान मोठाले, आणि मांड्यांवर मात्र पांढरे-काळे पट्टे. प्राणिसंग्रहालयात येणारी माणसं ते पट्टे बघायची, "झेब्रा!" म्हणायची आणि सिंहाकडे निघून जायची. हे म्हातारे तिचे रखवालदार. ती इथे आली तेव्हापासून तिचं सगळं त्यांनीच केलेलं. रीतसर निवृत्त होऊन वर्षं लोटली होती, पण दर वसंतात वर्षभराच्या कराराने ते परत लागायचे. आता त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं, पानं आणणं. प्राणिसंग्रहालयाच्या ठेकेदाराकडून येणारी पानं तिला पसंत नव्हती. म्हणून आठवड्यातून दोनदा ते आपला छोटा पांढरा ट्रक घेऊन तोक्योतल्या आमच्या कोतो भागात सगळीकडे हिंडायचे आणि लोकांच्या दारातल्या झाडांची छाटणी मागून न्यायचे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका त्यांना हाप्पा-सान म्हणायच्या. हाप्पा म्हणजे झाडाचं पान, सान म्हणजे आपलं 'राव'. माझा नवरा त्यांना सरळ पानवाला म्हणायचा. "तुझा पानवाला आलाय खाली, मसाला लावून घे एक," हा त्याचा दर शुक्रवारचा विनोद होता. ऑफिसात कराराचं नूतनीकरण लोंबकळत पडलेलं, त्यामुळे त्याच्याकडे विनोद तेवढा एकच शिल्लक होता.

आमच्या इमारतीच्या मागे कालव्याच्या कडेला एक तुतीचं झाड होतं. कुणी लावलेलं नव्हतं, पाखरांनी आणलेलं असावं. त्या तुतीवर हाप्पा-सानांचा फार जीव. ती पानं त्या शेवटपर्यंत खातात, असं ते सांगायचे. इमारतीतल्या बायका गुरुवारी संध्याकाळी जास्तीच्या फांद्या कापून, सुतळीने भारे बांधून शेडखाली ठेवायच्या, शुक्रवारी सकाळी ते घेऊन जायचे. मी घरूनच अर्धा दिवस एका कंपनीच्या हेल्पडेस्कचं काम करायची. सकाळभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि प्रत्येकाला 'माफ करा' म्हणायचं. त्यातून पाच मिनिटं सुटका म्हणून मी भारे उचलू लागायला खाली जायची. आमची ओळख झाली ती अशी.

भारा उचलण्याआधी ते प्रत्येक भाऱ्यातलं एक पान तोडायचे, दोन बोटांत चुरगळून हुंगायचे, मग पुढच्या दातांनी चावायचे. डोळे मिटून, मान एका बाजूला. पसंत पडलं तर मान हलायची. नाही पडलं तर रुमालात थुंकून, त्या घरच्या बाईची माफी मागून भारा परत. एका बाईने झाडावर कीटकनाशक मारलं होतं, ते तिने सांगायच्या आत यांच्या जिभेला कळलं. पुढे दोन दिवस यांची जीभ सुजलेली. मी म्हटलं, "अहो, प्रयोगशाळेत देता येत नाही का?" तर म्हणाले, "प्रयोगशाळा जेवत नाही."

फांदी तोडली की झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून ते "ओत्सुकारेसामा" म्हणायचे. इथे कामावरून सुटताना सगळे एकमेकांना हेच म्हणतात. थकलात, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे कुणाला निरोप देताना 'थकलात हो' म्हटलं तर तो आरशात बघेल. इथे मात्र तो मान आहे. मी तो शब्द रोज हेल्पडेस्कच्या सहकाऱ्यांना पंचवीस वेळा म्हणायची आणि माझ्या मनात काही हलायचं नाही. हे झाडाला म्हणायचे तेव्हा मात्र ते झाड खरंच दमलेलं वाटायचं.

काँगोच्या जंगलात ते एकदाच गेले होते, तरुणपणी, कुणा संशोधकांच्या तुकडीबरोबर सामान उचलायला. त्याबद्दल विचारलं की त्यांचा चेहरा खुलायचा, पण वर्णन मात्र फार निराश करणारं असायचं.

"काय काय बघितलंत?"

"झाडं."

"आणि प्राणी?"

"जंगलात प्राणी दिसत नाहीत. ते तुम्हाला बघतात. हत्ती जवळून गेला, मी झाडं हलताना बघितली. रानडुकरांनी चिखल उकरलेला बघितला, ओला होता. चिंपांझी वरून ओरडत होते, खाली फळांच्या साली पडत होत्या. बिबट्याचा वास आला. धनेशाचे पंख ऐकले, डोक्यावरून कुणी जड कापड झटकत गेल्यासारखे. झाडावरचं एक छोटं जनावर आहे, सशाएवढं, ते अंधारात असं किंचाळतं की आमच्यातला एक जण रडला."

"आणि ओकापी?"

मग हाताची ओंजळ करून दाखवायचे.

"पान. एक पान. अर्धं खाल्लेलं. तुटलेल्या कडेला चीक ओला होता. म्हणजे त्या आत्ताच इथे होत्या, आम्ही आलो म्हणून जेवण टाकून गेल्या. मला फार वाईट वाटलं. कुणाचं जेवण मोडू नये."

त्यानंतरचं सगळं आयुष्य त्या अर्ध्या पानाची भरपाई करण्यात गेलं, असं मला वाटायचं. त्यांना तसं वाटत असेल की नाही, कोण जाणे.

त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई आल्या. सासरे गेल्यानंतरचा त्यांचा पहिलाच प्रवास, आणि पहिलाच परदेश. चिंचवडहून निघतानाच त्यांनी बजावलं होतं, गणपती तुमच्याकडेच करीन, पण यथासांग करीन. यथासांग म्हणजे एकवीस पत्री. बेल, दूर्वा, शमी, आघाडा, माका, डाळिंब, देवदार... अशी एकवीस झाडांची पानं वाहायची. चिंचवडला ती वीस रुपयांत जुडी बांधून मिळतात आणि त्यातली निम्मी कसली आहेत ते कुणी बघत नाही. पण आई बघायच्या. मी म्हटलं, "आई, इथे दूर्वा मिळतील, तुळस कुंडीत आहे, बाकी अक्षता वाहू." त्या काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा त्यांनी ठरवलेलं असतं.

शुक्रवारी त्या माझ्याबरोबर खाली आल्या. हाप्पा-सान डोळे मिटून पान चावत होते. आई दोन मिनिटं बघत राहिल्या, मग पुढे होऊन त्याच फांदीचं एक पान तोडून स्वतः चावलं. "तुती," त्या म्हणाल्या. "कोवळी आहे. बरी आहे." हाप्पा-सानांनी डोळे उघडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणी दुजोरा दिला असावा.

मी दोघांच्या मध्ये उभी राहून एकवीस पत्रींचं प्रकरण समजावलं. ते ऐकून त्यांनी ट्रकचं दुसरं दार उघडलं आणि आईंना हात दाखवला. मी "अहो, पण भाषा..." म्हणेपर्यंत आई पदर खोचून, स्पोर्ट्स शूज सावरत आत बसल्यासुद्धा. मला हेल्पडेस्क होता. सकाळभर मी लोकांची माफी मागत होते आणि माझी सासू एका गुणगुणणाऱ्या माणसाबरोबर तोक्योत कुठे हिंडतेय हे मला ठाऊक नव्हतं. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "पळून गेली असेल. सुटलीस."

दुपारी परत आली दोघं. ट्रकमध्ये ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पानं. कुणाच्या अंगणातलं डाळिंब, एका बागेतला देवदार, एका देवळामागचं बोर. हाप्पा-सानांना भागातलं प्रत्येक झाड माहीत होतं आणि आईंना पान बघून ओळखायला भाषा लागत नव्हती. एका ठिकाणी मात्र अडलं होतं. उड्डाणपुलाखाली लाल कण्हेर फुललेली होती. आईंनी तिकडे बोट दाखवलं तसे यांनी दोन्ही हात छातीपुढे फुलीसारखे धरून "दामे, दामे" म्हटलं. कण्हेर विषारी. मूठभर पानांनी घोडा आडवा होतो. आईंनी कपाळाला हात लावून वर बघितलं, म्हणजे देवासाठी.

"देव खाणार नाही ना?" हाप्पा-सानांनी ट्रकमधून उतरल्यावर खात्री करून घ्यायला मला विचारलं.

"नाही, फक्त वाहायची."

"मग हरकत नाही. पण वेगळी ठेवा."

आई वर येताना म्हणाल्या, "माणूस शहाणा आहे. नाकात कसली घरघर करतो तेवढी सोडली तर."

गणपती छान झाला. पाच दिवस घरात कापराचा वास होता, आणि सासरे गेल्यापासून पहिल्यांदाच आई मोठ्याने आरती म्हणाल्या. पाचव्या दिवशी, गुरुवारी, बादलीत विसर्जन केलं. निर्माल्य उरलं. मी म्हटलं, "आई, कागदात गुंडाळून ठेवा, उद्या सकाळी जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस आहे." त्यांनी डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. देवाची फुलं माशांच्या काट्यांबरोबर जाळायची? चिंचवडला सोसायटीत निर्माल्य कलश असतो, आणि त्याआधी माहेरी सगळं गाईपुढे घालत. मी भांडी घासायला लागले आणि तो विषय तिथेच राहिला.

शुक्रवारी सकाळी एका गिऱ्हाइकाची माफी मागून झाल्यावर मी सहज विचारलं, "आई, निर्माल्य कुठे ठेवलंत? खाली टाकून येते."

"त्याची सोय केली मी कालच. तुतीच्या भाऱ्यात घातलं, मधोमध. त्याच्या त्या जनावराच्या मुखी पडेल. गाईसारखंच की ते, रवंथ करतं म्हणालीस ना."

मला क्षणभर बरंच वाटलं. आणि मग मी आईंकडे बघितलं तर त्यांच्या हातातला कप टेबलावर आपटला होता.

"अगं, त्यात कण्हेर होती," त्या म्हणाल्या.

भारे सकाळीच गेले होते. हाप्पा-सानांचा फोन लागेना. ते तो ट्रकमध्येच ठेवत, घंटेने त्या दचकतात म्हणून. प्राणिसंग्रहालयाच्या नंबरावर एक रेकॉर्ड केलेला गोड आवाज मला उघडण्याची वेळ सांगत राहिला. मी संगणक तसाच चालू टाकला आणि आम्ही टॅक्सीत बसलो. आई मांडीवर दोन्ही हात घट्ट धरून बसल्या होत्या. मला त्यांचा रागही आला होता आणि त्यांची दयाही येत होती, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

कामगारांच्या फाटकावर मी काय बोलले मला आठवत नाही. पहारेकरी आत धावला. बऱ्याच वेळाने हाप्पा-सान आले. हातात पांढऱ्या कागदाची एक पुडी, दोन्ही हातांनी धरलेली.

"त्या जेवलेल्या नाहीत," त्यांनी आधी ते सांगितलं. "भारा सोडला, लाल फूल दिसलं."

मी आईंना सांगितलं. आई तिथेच फुटपाथच्या कडेला बसल्या.

हाप्पा-सानांनी त्या एका भाऱ्यावर भागवलं नव्हतं. ट्रकमध्ये सगळे भारे एकावर एक होते, एखादं पान सटकून दुसऱ्यात गेलं असलं तर? म्हणून दिवसाचा सगळा पाला बाजूला काढला होता. त्या दिवशी ओकापीला नुसता कोंडा मिळाला आणि, नंतर कळलं, तिने तो खाल्ला नाही. हे सगळं त्यांनी स्वतःच ऑफिसात जाऊन सांगितलं होतं. कुणाला कळलंही नसतं. मी तसं म्हटलं, तर त्यांना माझं म्हणणंच कळेना. व्हायचं तेच झालं, घराघरांतून पाला आणायला तिथल्या तिथे बंदी आली. "नियम बरोबर आहे," एवढंच ते म्हणाले.

मग ते आईंसमोर वाकले. अगदी खाली, बराच वेळ. पुडी पुढे केली. आत आमचं निर्माल्य होतं. दूर्वा, डाळिंब, बोर, देवदार, कण्हेरसुद्धा. सगळ्या पाल्यातून एकेक वेचून काढलेलं.

"आजींनी प्रार्थना करून दिलेलं होतं," ते मला म्हणाले. "आमच्या त्यांना देता आलं नाही. त्यांच्या वतीने मी माफी मागतो, असं सांगा."

रोज सकाळभर मी पगार घेऊन माफी मागते. पण असली माफी मी कधी ऐकली नव्हती. माझ्याने ते भाषांतर नीट झालं नाही. आईंनी पुडी घेतली आणि कपाळाला लावली. विचारलं तर एकच, "मग आज ती काय जेवणार?"

त्या दिवसापासून आईंनी जेवण सोडलं. सगळं नाही. त्यांचा हिशेब असा की ती जेवेल तेवढंच मी जेवीन. माझ्या हातून तिचा घास गेला, आता ती उपाशी आणि मी भाकरी मोडू? नवरा ओरडला, "आई, ते जनावर आहे! तुला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत!" आई म्हणाल्या, "नवरात्र लवकर बसलं समज." पालथ्या घड्यावर पाणी.

मी हाप्पा-सानांना सांगितलं. त्यांना ते अजिबात विचित्र वाटलं नाही, हीच तर पंचाईत होती. रोज संध्याकाळी तिला ठेकेदाराचा पाला घालून झाला की ते फोन करायला लागले. मी फोन स्पीकरवर टाकायची आणि भाषांतर करायची. आज दोन फांद्या. आज ठेकेदाराचा पाला नुसता हुंगला. आज अर्धी टोपली. आई त्याप्रमाणे ताटात वाढून घ्यायच्या. अर्धी भाकरी, चतकोर, कधी नुसतं ताक. ठेकेदाराचा पाला तिला आवडत नव्हताच, आणि तुतीचं झाड आमच्या इमारतीमागे उभं होतं, पानांनी भरलेलं.

"थोडं वाढवून सांगा ना," मी एकदा त्यांना म्हटलं. स्पीकर बंद करून. "आईंना काय कळणार आहे?"

"जेवणाबद्दल खोटं बोलू नये," ते म्हणाले. "मग पुढचं पान कुठलं आणायचं, तेच कळत नाही."

मी वैतागले. सगळ्यांच्याच तत्त्वांनी मी वैतागले होते. एका घरात एक म्हातारी जेवत नाही, एका पिंजऱ्यात दुसरी, आणि मधे मी भाषांतर करतेय.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी आई ओट्यापाशी भोवळ येऊन खाली बसल्या. साखर तोंडात घालून, पाय चोळून त्यांना उठवलं. तेवढ्यात फोन आला. त्या दिवशी मी स्पीकर लावला नाही. बाल्कनीत जाऊन मी हाप्पा-सानांपाशी अक्षरशः रडले. म्हटलं, आई आज पडल्या, उद्या मी काय करू, मला सांगा. ते ऐकत होते. मग म्हणाले, "आजच्या दिवस त्यांना झोपू द्या. उद्या फोन करतो." ओकापीने काय खाल्लं ते मी विचारायचं विसरले आणि त्यांनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला. मी स्पीकर लावला.

"आज त्या सगळं जेवल्या," ते म्हणाले. "टोपली रिकामी. देठसुद्धा ठेवले नाहीत."

"काय म्हणाला?" आईंनी विचारलं.

मी सांगितलं. सांगताना माझाच आवाज चढला होता. आई थोडा वेळ टेबलावरच्या फोनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाढ."

दोन भाकऱ्या, वांग्याची भाजी, वर दहीभात. माझ्या नवऱ्याने शेजारी बसून त्यांना पाणी दिलं. त्यानंतर रोजच ओकापी जेवत राहिली आणि आईही. महिना संपताना त्यांचा व्हिसा संपला. विमानतळावर जाताना त्यांनी माझ्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. "त्याला नेऊन दे. चावून बघेल मेला," त्या म्हणाल्या.

डबा घेऊन मी रविवारी गेले. तिकीट काढून, लोकांबरोबर. ओकापीच्या आवारात कुणी नव्हतं. कठड्यापुढे एक टेबल होतं, त्यावर फुलं, मुलांनी रंगवलेली चित्रं, चॉकलेटी अंग आणि पट्टे. एका पाटीवर तिचा फोटो, प्राणिसंग्रहालयाने ठेवलेलं नाव आणि ती गेल्याची तारीख. ती तारीख आई ओट्यापाशी पडल्या त्या दिवसाची होती.

हाप्पा-सान शेजारी येऊन उभे राहिले तेव्हा मीच दचकले. ते गुणगुणले नव्हते.

"फुलं खूप आली," ते म्हणाले. "त्यांनी फुलं कधी खाल्ली नाहीत."

"आमच्या पानांमुळे..."

"नाही. वय झालं होतं. त्या थकल्या होत्या."

"पण तुती मिळाली असती तर?"

त्यांनी विचार केला. दुसऱ्या कुणी लगेच 'छे छे' म्हटलं असतं. "चार घास जास्त गेले असते," ते म्हणाले. "तेवढंच."

"तुम्ही म्हणाला होतात, जेवणाबद्दल खोटं बोलू नये."

"पुढचं पान आणायचंच नव्हतं," ते म्हणाले. "आणि तुम्ही रडत होतात. दोघी गेल्या असत्या तर मला झेपलं नसतं."

मी डबा पुढे केला. त्यांनी एक लाडू काढला, हुंगला, पुढच्या दातांनी कोपरा चावला, डोळे मिटले. मान हलली. मग डबा बंद करून, दोन्ही हातांनी धरून ते मागच्या फाटकाकडे चालू लागले. पुढच्या वसंतात त्यांनी करार केला नाही. त्यानंतर ते कुठे गेले हे आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांनाही ठाऊक नाही. तुतीचं झाड फार माजलं म्हणून इमारतीने ते छाटलं. पाला जळणाऱ्या कचऱ्यात गेला.

पुढच्या गणपतीला आईंचा फोन आला. आरास झाली का, मोदक फुटले का, पत्री मिळाली का. मी सगळ्याला हो म्हटलं.

"आणि ती?" आईंनी विचारलं. "जेवते ना?"

याची तयारी मी वर्षभर करून ठेवली होती. "जेवते ना, आई. काल टोपली रिकामी केली म्हणे."

पलीकडे मालिकेचा आवाज चालू होता. तो बंद झाला.

"तूही तसंच सांगतेस," आई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अगं, ती गेली हे मला त्या दिवशीच कळलं. तू फोन टेबलावर ठेवला होतास ना. त्याची भाषा मला कुठली कळायला! पण हे गेले तेव्हा मी महिनाभर सगळ्यांना फोनवर 'हो हो, जेवले, पोटभर जेवले' असंच सांगत होते. तो आवाज मला चांगला ठाऊक आहे."

"मग तुम्ही जेवलात कशा?"

"तो स्वतः उपाशी असणार हे कळत होतं गं," आई म्हणाल्या. "त्याच्याकडे आता जेवू घालायला मीच उरले होते."